नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मराठी साहित्यात ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळातील प्रमुख कवींमध्ये त्यांची गणना होते. फुलांवरील आणि मुलांवरील कवितांमुळे त्यांना फुला-मुलांचे कवी असेही म्हटले जाते. मराठी ख्रिस्ती समाजात मात्र त्यांची ओळख मुख्यत्वे भजनकार आणि ख्रिस्तशिष्य अशी आहे. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी आपली भाषा, आपला देश आणि आपली भक्तिपरंपरा सोडावी लागत नाही, हा विचार त्यांनी काव्यातून मांडला आणि आयुष्याच्या अखेरीस प्रत्यक्ष आचरणात आणण्याचा प्रयत्न केला. भारतीय ख्रिस्ती धर्मविचारात त्यांना जे स्थान आहे ते प्रामुख्याने या प्रयत्नामुळे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अत्यंत कडक होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. टिळकांना कवितेची गोडी आईमुळे लागली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लहानपणीच आईचे निधन झाले. वडिलांशी न पटल्यामुळे टिळकांनी घर सोडले आणि ते नाशिकला आले.

नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काही काळ इंग्रजी शाळेतही ते शिकले. परंतु घरच्या जबाबदाऱ्यांमुळे हे शिक्षण अपुरे राहिले. संस्कृत काव्य, वेदान्त आणि मराठी संतवाङ्मय यांचा त्यांचा अभ्यास मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने झालेला होता. १८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मी असे ठेवण्यात आले.

विवाहानंतरची अनेक वर्षे टिळक एका ठिकाणी स्थिर राहिले नाहीत. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार अशी निरनिराळी कामे त्यांनी केली. हाती आलेला पैसा गरजूंना देऊन टाकणे, न सांगता घरातून निघून जाणे आणि नोकरी सोडून देणे हे त्यांच्या स्वभावात होते. त्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडत असे. पुढे नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते ग्रंथसंपादनाच्या कामाला लागले. याच काळात त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. १८९१ मध्ये त्यांचे पुत्र दत्तात्रेय, पुढे देवदत्त या नावाने प्रसिद्ध झालेले लेखक, यांचा जन्म झाला.

धर्मविषयक शोध

रूढ कर्मकांड आणि जातिभेद यांविषयी टिळकांच्या मनात तरुणपणापासूनच असमाधान होते. हिंदुस्थानच्या उन्नतीसाठी धर्माची पुनर्रचना आवश्यक आहे असे त्यांना वाटू लागले. एखाद्या नव्या धर्मपंथाची स्थापना आपणच करावी, असाही विचार त्यांच्या मनात काही काळ होता.

१८९३ मध्ये राजनांदगावकडे रेल्वेने जात असताना त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. काव्य आणि धर्म या विषयांवर दोघांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने टिळकांना ‘नव्या करारा’ची प्रत भेट दिली व दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले, असा वृत्तान्त टिळकांच्या चरित्रांत येतो. टिळकांनी हा ग्रंथ आधी केवळ जिज्ञासेने वाचावयास घेतला. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने मात्र ते भारावून गेले. शत्रूवर प्रेम करणे, गुप्तपणे दान करणे, देखावा टाळून प्रार्थना आणि उपवास करणे ही या प्रवचनातील शिकवण आपल्या शंकांचे उत्तर आहे अशी त्यांची खात्री होत गेली. यानंतर त्यांनी मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधील जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार केला. हेच ॲबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध झाले.

बाप्तिस्मा घेण्याचा निर्णय टिळकांनी दीर्घकाळ लांबणीवर टाकला होता. आप्तांचा वियोग, सामाजिक बहिष्कार आणि पत्नी व मुलाची ताटातूट या परिणामांची त्यांना कल्पना होती. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, तर हिंदी धर्मगुरूच्या हातून व्हावा अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला.

कौटुंबिक वियोग आणि पुनर्मीलन

धर्मांतराची वार्ता लक्ष्मीबाईंना नंतर कळली. त्यांच्यावर त्याचा तीव्र आघात झाला. पुढील सुमारे साडेचार-पाच वर्षे लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांकडे राहिल्या. टिळक त्यांना सातत्याने पत्रे व कविता पाठवीत. त्यांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही; परंतु स्वतःच्या निर्णयातही त्यांनी बदल केला नाही.

शतकाच्या अखेरीस लक्ष्मीबाई पतीजवळ अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात राहावयास आल्या. आरंभी त्यांनी सोवळे-ओवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक चालू ठेवला होता. जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, या निष्कर्षापर्यंत त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि त्यांनी स्पर्शास्पर्शाचे नियम सोडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या सर्व स्थित्यंतराचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’मध्ये आले आहे. टिळकांचा उदारपणा, लहरीपणा, संताप आणि हळवेपणा या सर्वांची नोंद त्यात असल्यामुळे टिळकांचे चित्र एकांगी राहत नाही. एका व्यक्तीने पत्करलेल्या शिष्यत्वाची किंमत तिच्या कुटुंबाला कशी मोजावी लागते, हेही या ग्रंथातून दिसते.

अहमदनगर येथील कार्य

बाप्तिस्म्यानंतरच्या आयुष्यातील सुमारे दोन दशके टिळकांचे वास्तव्य प्रामुख्याने अहमदनगर येथे होते. काही काळ ते राहुरी येथेही होते. अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. या विद्यालयाचे संस्थापक रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली. तेव्हापासून त्यांच्या नावामागे रेव्हरंड ही उपाधी लागली.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार आणि मांग जातींतून आलेल्या कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. ब्राह्मण घराण्यात वाढलेल्या टिळकांनी या समाजातच आपले घर केले. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी आपल्या घरी आश्रय दिला. प्लेगच्या साथीत टिळक दाम्पत्याने रुग्णांची सेवा केली. नव्या करारातील बंधुत्वाचा अर्थ एकत्र राहणे आणि एकत्र जेवणे यांतूनच प्रकट होतो, अशी त्यांची धारणा होती.

१९१२ पासून टिळकांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले हे नियतकालिक अमेरिकन मराठी मिशनचे मुखपत्र होते. टिळकांनी त्यातून धार्मिक लेखांबरोबरच सामाजिक व राष्ट्रीय विषयांवरही लेखन केले. ख्रिस्ती झालेला मनुष्य परदेशी होतो ही समजूत खोडून काढणे हा त्यांच्या लेखनाचा एक प्रमुख हेतू होता. मिशनरी आणि हिंदी ख्रिस्ती यांच्यातील नाते मालक-नोकराचे न राहता भावाभावाचे असावे, असे ते उघडपणे लिहीत. त्यामुळे मिशनमधील काही जणांशी त्यांचे मतभेदही झाले.

कविता आणि कवींना प्रोत्साहन

टिळक हे केशवसुतांचे समकालीन होते. निसर्ग, बालके, कुटुंबजीवन, देशप्रेम आणि ईश्वरभक्ती हे त्यांच्या कवितेचे मुख्य विषय आहेत. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘माझी भार्या’ आणि ‘बापाचे अश्रू’ या त्यांच्या रचना विशेष प्रसिद्ध आहेत. साधी शब्दकळा आणि आत्मीय सूर ही त्यांच्या कवितेची वैशिष्ट्ये मानली जातात.

१९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनाच्या आयोजनात टिळकांचा पुढाकार होता. याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे बालकवी अहमदनगर येथे टिळकांच्या घरी कुटुंबातील मुलाप्रमाणे राहिले. धर्म भिन्न असूनही या दोघांचा स्नेह टिकला. मे १९१८ मध्ये रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. त्यानंतर सुमारे वर्षभराने टिळकांचेही निधन झाले.

भजने, कीर्तने आणि ‘ख्रिस्तायन’

टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिली जाणारी अनेक गीते ही इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी देशी वळणाची पदे रचण्यास आरंभ केला होता. टिळकांनी ही वाट रुंद केली. अभंग, ओवी, पद आणि आर्या या रूढ छंदांचा त्यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी उपयोग केला. टाळ, मृदंग आणि पेटी यांच्या साथीने होणारे ख्रिस्ती कीर्तन त्यांनी लोकप्रिय केले. ‘अभंगांजली’ आणि ‘भजनसंग्रह’ यांतील रचनांवर तुकारामांच्या अभंगांचा ठसा स्पष्ट दिसतो. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल ठरला, असे टिळकांचे सांगणे होते. अनेक रचनांत त्यांनी ख्रिस्ताला माता आणि गुरू या नात्यांनी संबोधिले आहे. ही संबोधने मराठी संतपरंपरेतून आलेली आहेत.

१९०९ मध्ये त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याच्या लेखनास आरंभ केला. येशू ख्रिस्ताचे समग्र चरित्र त्यात मांडण्याचा त्यांचा संकल्प होता. परंतु आरंभीचे काही अध्यायच त्यांच्या हातून पूर्ण झाले. फारसे औपचारिक शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांच्या पश्चात साठांहून अधिक अध्याय लिहून हे काव्य पूर्णत्वास नेले. ज्या श्रद्धेमुळे पतिपत्नींची ताटातूट झाली होती, त्याच श्रद्धेवरील ग्रंथ अशा प्रकारे दोघांच्या नावावर झाला. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, तो प्रसिद्ध झाला.

शिष्यत्वाची कल्पना

टिळकांच्या धर्मविचारात शिष्यत्व ही मध्यवर्ती कल्पना आहे. बाप्तिस्मा, मंडळीचे सभासदत्व आणि सिद्धान्तांचा स्वीकार यांना त्यांनी नाकारले नाही. तथापि, गुरूच्या पाठोपाठ रोज चालणे हे त्यांच्या मते शिष्याचे खरे लक्षण होते. हिंदू परंपरेतील गुरु-शिष्य नाते त्यांना परिचित होते. या नात्यात शिष्य गुरूच्या सहवासात राहतो, त्याची सेवा करतो आणि त्याच्यासारखा होण्याचा प्रयत्न करतो. शुभवर्तमानांत येशूने मासे धरणाऱ्यांना जाळी सोडून मागे येण्यास सांगितले, त्या प्रसंगाचा अर्थ टिळकांनी या नात्याच्या आधारे लावला. त्यामुळे त्यांच्या भजनांत सिद्धान्तापेक्षा सहवास, विनवणी आणि आत्मसमर्पण यांना अधिक स्थान आहे.

त्यागाविषयीची त्यांची भूमिकाही याच कल्पनेतून आली आहे. त्याग हा पुण्यसंचयासाठी नसून प्रेमासाठी आहे, असे ते मानीत. अहंकार, जातीचा अभिमान आणि सुरक्षित वेतन या गोष्टी शिष्याच्या मार्गात आड येतात, असे त्यांचे मत बनत गेले. यांपैकी जातीचा अभिमान सोडण्याचा प्रसंग त्यांच्यावर १८९५ मध्ये आला होता. वेतनाचा प्रश्न बावीस वर्षांनी पुढे आला.

संन्यास आणि देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली व ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचा संकल्प जाहीर केला. हा संन्यास परंपरागत अर्थाने गृहत्याग नव्हता. कुटुंबाशी नाते कायम ठेवून परंतु निश्चित उत्पन्नाचा आधार सोडून, केवळ ईश्वरावर विसंबून राहणे असे त्याचे स्वरूप होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयामुळे कुटुंबाला पुन्हा एकदा अनिश्चिततेला सामोरे जावे लागले.

सातारा येथे राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यात सामील होऊ शकत होते. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या, परंतु आपल्या समाजातून बाहेर पडू न इच्छिणाऱ्या हिंदूंना या संघात स्थान मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. भजन, कीर्तन, प्रार्थना आणि समाजसेवा हे संघाचे कार्यक्रम होते.

या उपक्रमावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले गेले. बाप्तिस्म्याचे महत्त्व यामुळे कमी होईल, अशी भीती मंडळीतील काहींना वाटत होती. धर्मांतराचाच हा नवा मार्ग आहे, अशी शंका हिंदू समाजातील काहींना होती. स्वतः टिळकांनी बाप्तिस्म्यासाठी मोठी किंमत मोजली होती. तरीही तीच किंमत प्रत्येकाने मोजावी असा आग्रह त्यांनी धरला नाही, ही बाब त्यांच्या भूमिकेच्या मूल्यमापनात महत्त्वाची ठरते. स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच टिळकांचे निधन झाल्यामुळे हा प्रयोग रुजू शकला नाही.

निधन

साताऱ्यातील वास्तव्यात टिळकांची प्रकृती ढासळली. त्यांना उपचारांसाठी मुंबईस आणण्यात आले. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती समाजात दफनाची रूढी असली तरी आपल्या देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार दहन करून त्यांच्या अस्थी अहमदनगर येथे नेण्यात आल्या.

वारसा

टिळकांच्या निधनानंतर अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्स्लो यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली होती. हिंदी आणि युरोपीय सभासदांनी साधेपणाने एकत्र राहावे हा या संघाचा उद्देश होता. पुढे संघाचे केंद्र पुणे येथे आले. टिळकांच्या विचारांचा या आश्रमजीवनावर प्रभाव होता. निकोल मॅक्निकल यांनी टिळकांच्या काही भजनांची इंग्रजी भाषांतरे केली. त्यांतील काही परदेशी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत समाविष्ट झाली. देवाच्या दरबारामागील कल्पनेकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांचे पुन्हा लक्ष गेले. एच. एल. रिचर्ड यांनी हिंदू समाजाच्या संदर्भातील ख्रिस्तानुसरण या दृष्टीने टिळकांच्या जीवनाचा अभ्यास केला आहे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. नगर जिल्हा आणि मराठवाड्यातून नोकरीसाठी पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर ही भजनेही या भागात आली. रविवारची उपासना, घरगुती प्रार्थनासभा आणि अंत्यविधी या प्रसंगी ती गायिली जातात.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ, म्हणजेच प्रायश्चित्तकाळ, हा ख्रिस्ती परंपरेत आत्मपरीक्षणाचा काळ समजला जातो. रविवार वगळता हा काळ ४० दिवसांचा असतो. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे असून रोजच्या वाचन-मननासाठी शुभवर्तमानांतील उतारे नेमलेले असतात. राखेच्या बुधवारी अनेक मंडळ्यांत वाचला जाणारा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील उतारा डोंगरावरील प्रवचनाचाच भाग आहे, म्हणजे ज्या प्रवचनाने टिळकांचे आयुष्य बदलले त्यातील आहे. टिळक ज्या काँग्रिगेशनल परंपरेतील मिशनमध्ये काम करीत, तिच्यात या काळाच्या पालनाला फारसे महत्त्व नव्हते. त्यामुळे त्यांची भजने एखाद्या विशिष्ट धार्मिक ऋतूसाठी लिहिलेली नाहीत. तथापि क्रूस, पश्चात्ताप, बंधुप्रेम आणि गुरूच्या मागे जाणे या त्यांतील विषयांमुळे ती या दिवसांच्या उपासनेशी सहज जुळतात.

टिळकांचे घराणे पुढेही साहित्यसेवेत राहिले. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रकाशित झाले आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याला स्थान मिळाले. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ मध्ये झाले. देवदत्त टिळक आणि त्यांचे पुत्र अशोक देवदत्त टिळक यांनी टिळक दाम्पत्याच्या साहित्याचे जतन व संपादन केले.